चतुर्दशीला बँकॉकात, व्हॉलीबॉलसाठी

आधीच सांगते, भारत या स्पर्धेत नव्हता. २०२५ ची महिला व्हॉलीबॉल वर्ल्ड चॅम्पियनशिप, थायलंडला, २२ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर, त्या वर्षी पहिल्यांदाच २४ च्या ३२ टीम केलेल्या, आणि त्या ३२ मध्येही आपण नाही. त्यामुळे "मग तुम्ही ओरडणार कोणासाठी?" हे आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपासून आरतीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. खरं उत्तर द्यायला वेळ लागतो म्हणून मी "शॉपिंगला चाललोय" असं सांगून टाकलं, ते सगळ्यांना लगेच पटलं.

खरं उत्तर असं की मी शाळा-कॉलेजात व्हॉलीबॉलची लिफ्टर होते, म्हणजे दुसरीला मारता यावा म्हणून नेटजवळ बॉल वर काढून देणारी. परळच्या ग्राउंडवर, लाल मातीत, पंधरा पॉइंटचा गेम आणि आपली सर्व्हिस असेल तरच पॉइंट, त्या जमान्यातली. आमची कॅप्टन स्मॅशर, म्हणजे तो बॉल पलीकडे मारणारी. ती लग्न करून लालबागला गेली, मुलं मोठी झाली, तरी आम्ही सगळ्या तिला कॅप्टनच म्हणतो, आता तिचा नवरापण तेच म्हणतो. आणि आमचं भांडण तेव्हापासून एकच, व्हॉलीबॉल हा लिफ्टरचा खेळ की स्मॅशरचा. टीव्हीवर बघून हे मिटत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि बॉल शेवटी स्मॅशरकडेच जातो. लिफ्टरने नेमकं काय केलं ते बघायचं तर कोर्टच्या मागे उंचावर बसायला लागतं, जिथून दोन्हीकडच्या बाराही जणी एकदम दिसतात. म्हणून मी तिकिटं बेसलाइनच्या मागची, वरची काढली. स्वस्त होती हेही आहेच. कॅप्टन म्हणाली, "साइडची का नाही काढलीस गं, इथून नेटवरचा हात कसा दिसणार?" म्हणजे भांडण मुंबईतच सुरू.

बरोबर माझी भाची, अकरावीत, शाळेकडून डीएसओच्या म्हणजे जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या मॅचेस खेळलेली, अर्थात स्मॅशर. आणि कॅप्टनच्या सासूबाई, आमच्या काकू. काकूंचा व्हॉलीबॉलशी संबंध शून्य. पण सेमीफायनल ६ सप्टेंबरला म्हणजे बरोबर अनंत चतुर्दशीला आल्या आणि लालबागच्या घरात त्या दिवशी काय गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. काकू म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून दर चतुर्दशीला येईल त्याला चहा करतेय. यंदा मी पण चाललेय." यावर घरात कोणाची बोलायची हिंमत झाली नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

कॅप्टनकडचे गणपती गौरींबरोबर मंगळवारीच गेले होते त्यामुळे त्या बाजूने मोकळ्या होतो. रात्रीची फ्लाइट. थायलंडला आपल्याला तेव्हा व्हिसा लागत नव्हता, पण १ मे पासून ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ते भाचीने चौघींचं बसून भरलं. लालबाग ते एअरपोर्ट किती वेळ लागला ते लिहीत नाही, गणपतीत मुंबईत राहणाऱ्याला माहितीये.

एअरपोर्टवर कोण कोण राहिलंय याची उजळणी. तिकिटं काढली तेव्हा सेमीत कोण येणार हे कळायला मार्गच नव्हता, मला मनातून थायलंड यावं असं वाटत होतं, पण थाई मुली राउंड ऑफ १६ लाच जपानकडून ०-३ हरल्या. क्वार्टर फायनल आम्ही मोबाइलवर बघितलेल्या, इटलीने पोलंडला उडवलं, ब्राझीलने फ्रान्सला, जपानने नेदरलँड्सला पाच सेटमध्ये कसंबसं, आणि तुर्कीने अमेरिकेला. म्हणजे शनिवारी तुर्की-जपान आणि इटली-ब्राझील. दुसरी मॅच खरं तर फायनललाच शोभली असती. इटली म्हणजे पॅरिस ऑलिंपिकची गोल्ड आणि तेव्हापासून हरायचं विसरलेली टीम, आणि ब्राझील, एवढा मोठा व्हॉलीबॉलचा देश पण महिलांची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्यांनी आजवर एकदाही जिंकलेली नाही, चार वेळा फायनलला जाऊन हरल्यात. कॅप्टनला इटलीची पाओला एगोनू बघायची होती, भाचीला तुर्कीची मेलिसा वार्गास. मला कोण बघायचंय हे कोणी विचारलंच नाही. (अलेसिया ओर्रो. इटलीची लिफ्टर.)

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पहाटे उतरलो, घड्याळ दीड तास पुढे. एअरपोर्ट रेल्वे लिंकने आलो, हॉटेल रामखामहेंग भागात घेतलेलं कारण हुआमार्क इनडोअर स्टेडियम तिकडेच आहे. १९६६ च्या एशियन गेम्ससाठी बांधलेलं, शेजारीच मोठं राजमंगला स्टेडियम आणि रामखामहेंग युनिव्हर्सिटी. तिथल्या रस्त्यावर ट्रॅफिक असा की आम्हाला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आज मॅच नव्हती म्हणून बोटीने फिरलो. सेन सेप नावाचा कालवा शहराच्या मधून जातो आणि त्याच्यात रोजच्या ऑफिसवाल्यांच्या लांबट बोटी धावतात, तेव्हा पंधरा-वीस बाथमध्ये (बाथ पावणेतीन रुपयांच्या आसपास होता). पाण्याला वास आहे, समोरून दुसरी बोट आली की तुषार उडतात म्हणून कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा. कंडक्टर बाई हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं काढते, आपल्याकडे विरारच्या गाडीला दारात लटकतात तितक्याच बिनधास्त. काकूंना ही बाई एवढी आवडली की परत येताना पण बोटच पाहिजे म्हणाल्या.

त्याच दिवशी तिकडच्या संसदेत नवीन पंतप्रधान निवडत होते, अनुतिन म्हणून. जेवायला बसलो तिथल्या टीव्हीवर मतमोजणी चालू होती आणि मालकीण एकीकडे ते बघत पपईचं सोम-तम कुटत होती. भाचीने तिला फोनवर स्पर्धेची तिकिटं दाखवली तर बाई एकदम खुलली, पंतप्रधान राहिले बाजूला. थायलंडमध्ये व्हॉलीबॉल म्हटलं की आधी बायकांचा व्हॉलीबॉल डोळ्यासमोर येतो हे मला तिथे कळायला लागलं. २००९ ला हनोईत फायनलला चीनला हरवून त्या पहिल्यांदा एशियन चॅम्पियन झाल्या, मग २०१३ ला, मग २०२३ ला. उंची नाही, म्हणून त्यांनी खेळ फास्ट केला, आणि हा फास्ट खेळ ज्या मुलीच्या हातातून निघायचा ती नुत्सारा टोमकॉम, लिफ्टर. मी नुसतं "नुत्सारा" म्हटलं आणि मालकिणीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन लिफ्ट मारून दाखवली. कॅप्टनकडे मी बघितलं फक्त, बोलले काही नाही.

काकूंच्या जेवणाचं टेन्शन होतं, पण पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत "जे" लिहिलेल्या गाड्या शोधल्या की शुद्ध शाकाहारी मिळतं, कांदा-लसूणपण नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

सकाळी काकूंनी जाहीर केलं की चतुर्दशीला गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय मी कुठल्या बॉलला बघणार नाही. मला वाटलं आता कुठे शोधायचा, पण बँकॉकात गणपती शोधावा लागत नाही. मेट्रोचं हुआय ख्वांग नावाचं स्टेशन आहे, त्याच्या चौकातच गणपतीचं मोठं देऊळ, उघड्यावर, सिग्नलच्या बाजूला. झेंडूच्या माळा, केळी, नारळ आणि काचेच्या ग्लासात गुलाबी दूध, हे असं दूध गणपतीला तिकडे सगळीकडे ठेवतात. ऑफिसला जाणाऱ्या पोरी हिल्सवर गुडघे टेकून हात जोडत होत्या. काकूंनी मुंबईहून डब्यात पंचखाद्य आणलेलं, ते ठेवलं, आणि तिथेच हळू आवाजात पूर्ण सुखकर्ता म्हटली. बाजूची थाई मुलगी फोन खाली ठेवून ऐकत होती. काकू बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "इथे रांग नाही, व्हीआयपी नाही, धक्काबुक्की नाही."

दुपारी स्टेडियम. आत शिरल्या शिरल्या एसी, डीजे आणि फुगवलेल्या प्लास्टिकच्या दांडक्यांचा आवाज. आमच्या शेजारी एक थाई आजी, अंगात थायलंडचा टीशर्ट, त्यांचं धोरण असं की जी टीम मागे असेल तिच्या बाजूने ओरडायचं. दोन्ही दिवस त्यांनी ते पाळलं.

पहिली मॅच तुर्की-जपान. पहिला सेट जपानने २५-१६ घेतला आणि तो सेट मी जन्मभर विसरणार नाही कारण बॉल पडतच नव्हता. तुर्कीच्या सहा फूट चार इंचवाल्या मारतायत आणि जपानच्या पोरी तो उचलतायत, पुन्हा मारतायत, पुन्हा उचलतायत. त्यांची कॅप्टन मायू इशिकावा १७४ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या कॅप्टनपेक्षा थोडीच जास्त, आणि तिचा भाऊ युकी जपानच्या पुरुषांच्या टीमचा कॅप्टन. पण दुसऱ्या सेटपासून तुर्कीने सर्व्हिस जोरात टाकायला सुरुवात केली आणि मग जपानचं सगळं गणित बिघडलं, कारण फास्ट खेळायचं तर पहिला पास लिफ्टरच्या डोक्यावर यायला पाहिजे. तो दोन-तीन मीटर मागे आला की लिफ्टर धावणार, धावली की उंच बॉल देणार, उंच बॉल दिला की तुर्कीच्या झेहरा ग्युनेशसारखी बाई ब्लॉकला, म्हणजे नेटवर हात उंच करून बॉल अडवायला, आरामात पोचणार. २५-१७, २५-१८, आणि चौथा २७-२५. जपानने चौथ्यात जीव तोडला पण नाही झालं. तुर्की पहिल्यांदाच वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला, त्यांचे लोक झेंडे घेऊन नाचत होते.

इथे एक गंमत. जपानचा कोच फेरहात अकबाश हा स्वतः तुर्की. मी काकूंना सांगितलं तर त्यांना खेळापेक्षा हे जास्त कळलं. "म्हणजे माहेरच्यांविरुद्ध उभा राहिला बिचारा. आणि हरला." म्हटलं काकू, थांबा, उद्याचं ऐकलंत तर अजून मजा येईल. पण ते उद्या.

दुसरी मॅच इटली-ब्राझील आणि खरं सांगायचं तर एवढी चांगली मॅच मी प्रत्यक्ष कधी बघितली नव्हती, फायनल धरून. पहिला सेट ब्राझील २५-२२. दुसरा इटली २५-२२. तिसरा २८-३० असा ब्राझीलने काढला, त्यात सेट पॉइंट इकडून तिकडे इतक्या वेळा गेला की भाची नखं खाऊन संपवून माझ्या दुपट्ट्याच्या मागे लागली. ब्राझीलची कॅप्टन गाबी, उंचीने त्यातली बारकी, पण रिसीव्हपण तीच करणार, मारणारपण तीच, मागे बॉल उचलणारपण तीच. त्यांचा कोच झे रोबेर्तो, ज्याने १९९२ ला पुरुषांना आणि २००८, २०१२ ला महिलांना ऑलिंपिक गोल्ड मिळवून दिलंय, तो बाकड्याजवळ हाताची घडी घालून उभा. समोर इटलीचा वेलास्को, मूळचा अर्जेंटिनाचा, १९९० आणि १९९४ ला इटलीच्या पुरुषांना वर्ल्ड चॅम्पियन केलेला. म्हणजे कोर्टवरच्या बहुतेक मुलींच्या जन्माआधीपासून हे दोघे हेच काम करतायत.

चौथ्या सेटमध्ये मी भाचीला म्हटलं, आता दहा पॉइंट बॉलकडे बघायचं नाही, फक्त इटलीच्या ८ नंबरकडे बघ. तिला आधी जमेना, मान आपोआप बॉलमागे वळायची. मग जमलं. ओर्रो उडी मारून हवेत बॉल घेते, आणि हात, खांदे, पाठ, कशावरूनच कळत नाही की बॉल पुढे जाणार का पाठीमागे. ब्राझीलची मधली ब्लॉकर त्या अर्ध्या सेकंदात एका बाजूला सरकते आणि बॉल दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. मग एगोनूसमोर डबल ब्लॉकऐवजी दीड ब्लॉक. भाची एकदम म्हणाली, "मावशी, पॉइंट आधीच झालाय ना? नंतर नुसतं मारायचं राहतं." कॅप्टन पलीकडून, "नुसतं? मारून दाखव मग तू."

चौथा २५-२२ इटली, पाचवा १५-१३. शेवटचा बॉल पडला तेव्हा ब्राझीलच्या मुली जिथे होत्या तिथेच बसल्या. थाई आजी रडल्या, त्या तेव्हा ब्राझीलच्या होत्या.

बाहेर आलो तर बोटी बंद झालेल्या. चालत निघालो, आणि वाटेत काकूंना लालबागहून व्हिडिओ कॉल. घरात सोळा माणसं, दूध संपलंय, साखरेचा डबा सापडत नाहीये. काकूंनी फोन नीट तोंडासमोर धरून सांगितलं, "वरच्या फळीवर, डावीकडे," आणि कट केला.

रविवार, ७ सप्टेंबर

आज फायनल आणि आज खग्रास चंद्रग्रहणही. पंचांगात वेध दुपारी १२.५७ पासून, त्यानंतर काकू काही खाणार नाहीत. प्रश्न असा पडला की १२.५७ कुठले, मुंबईचे की बँकॉकचे? भाचीने सायन्सवाली असल्याने पेपर नॅपकिनवर आकृती काढून सांगितलं की चंद्र एकच आहे, आपल्याला दीड तास मिळवायचा, म्हणजे इथले दोन सत्तावीस. काकू खूश. "म्हणजे जेवायला दीड तास जास्त." स्टेडियमच्या बाहेर सव्वादोनला भात आणि टोफू संपवून त्या ताठ मानेने आत आल्या.

ब्राँझची मॅच बघायला लोक कमी असतील असं वाटलेलं, तसं काही नव्हतं. ब्राझीलने पहिला सेट २५-१२, दुसरा २५-१७, अर्ध्या तासात घरी जातो वाटलं. मग जपानने १९-२५, २७-२९ असे दोन घेतले आणि पाचवा १८-१६ ला संपला. आदल्या दिवशी तेवढ्या रडलेल्या मुली आज परत पाच सेट कशा खेळल्या देव जाणे. आदल्या रात्री हरल्यावर ब्राँझची मॅच खेळणं हा मला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो कुठल्याही खेळातला, पण ब्राझीलने मेडल गळ्यात घातलं तेव्हा गाबी खरंच हसत होती.

आता फायनल. आधी काकूंना राहिलेली गोष्ट सांगितली. तुर्कीचा कोच सांतारेली, हा इटालियन. आणि इटलीची लिबेरो, म्हणजे मागे राहून फक्त बॉल उचलणारी, मोनिका दे जेन्नारो, ती त्याची बायको. क्लबमध्ये तो तिचा कोच, आणि आज समोरासमोर. काकूंनी दोघं कोण कोण ते मला बोटाने दाखवायला लावलं, मग पूर्ण मॅच त्या एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला नवरा एवढंच बघत होत्या. दे जेन्नारोने बॉल उचलला की काकू त्याच्याकडे बघणार. "तोंड बघ त्याचं. टाळी पण वाजवता येत नाही."

पहिला सेट इटली २५-२३. दुसरा १३-२५, हो, तेरा. इटलीसारखी टीम तेरावर कशी येते ते वरून अगदी स्वच्छ दिसलं. तुर्कीने सर्व्हिस अशी टाकली की पास नेटजवळ येईचना, ओर्रो अटॅक लाइनच्या मागे धावत जाऊन लिफ्ट देतेय, मधल्या मुलींना बॉल देताच येत नाही, मग सगळं बाजूला एगोनू नाहीतर सिला, आणि तिथे तुर्कीचे चार हात आधीच वर. काल जपानचं जे झालं तेच. कॅप्टनला मी म्हटलं, बघ, तुझी एगोनू तीच आहे, हात तोच आहे, लिफ्ट नाही. ती म्हणाली, "आणि समोर वार्गासला कुठे चांगल्या लिफ्ट मिळतायत? तरी मारतेय ना?"

यात तथ्य होतं, नाकारत नाही. मेलिसा वार्गास, मूळची क्युबाची, आता तुर्कीची, फायनलमध्ये तिने ३३ पॉइंट काढले. हॉलमधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माहिती होतं की बॉल तिलाच जाणार, इटलीच्या ब्लॉकलाही माहिती, आणि तरी ती मारून जात होती, ब्लॉकच्या वरून, बाजूने, बोटांना लावून बाहेर. सर्व्हिसला आली की इटलीच्या रिसीव्हच्या मुली दोन पावलं मागे. भाची उभी राहूनच बघत होती.

तिसरा सेट २६-२४ इटली. मॅच फिरली ती माझ्या मते इथे. तुर्कीने सर्व्हिस कमी केली नव्हती, पण दे जेन्नारोने कोर्टचा जास्तीचा भाग स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली, बाजूच्या मुलीला मागे सारून, हा माझा, हा पण माझा. ३८ वर्षांची बाई. पलीकडे तुर्कीची कॅप्टन एदा एर्देम, ती पण ३८, मधून पळत येऊन एका पायावर उडी मारून स्मॅश करते, या वयात. कॅप्टन आणि मी दोघींनी आपापले गुडघे चोळले. पास जरा बरे यायला लागले तसं ओर्रोने मधल्या मुली परत वापरायला काढल्या, आन्ना दानेसी आणि सारा फार. मधून दोन बॉल मारले की समोरची मधली ब्लॉकर तिथेच अडकते, हलायला अर्धा क्षण उशीर करते, आणि मग बाजूच्या स्मॅशरला मोकळं मैदान. ते दोन मधले बॉल स्कोअरबोर्डवर दोनच पॉइंट दिसतात पण पुढचे पाच त्यांनीच आणलेले असतात.

चौथा तुर्की २५-१९. पाचवा सेट. काकूंचे वेध चालू, बाटलीतलं पाणीपण घेईनात, पण दांडकी आपटण्यात सगळ्यात पुढे. पाचवा सेट पंधराचा, आठवर कोर्ट बदलतात. इटलीने सुरुवातीपासून पकड सोडली नाही. बेंचवरून येणारी अंत्रोपोवा, आइसलंडला जन्मलेली, रशियन आईवडलांची, इटलीकडून खेळणारी, एवढी उंच पोरगी दुसऱ्या कुठल्याही देशात पहिल्या सहात असती, इथे एगोनू आहे म्हणून बसते, आणि आली की काम करून जाते. १५-८. इटली २००२ नंतर परत वर्ल्ड चॅम्पियन, सलग छत्तिसावी मॅच जिंकून.

हात मिळवायला नेटखाली आले तेव्हा काकू खुर्चीवर उभ्या राहिल्या. सांतारेली बायकोपर्यंत पोचला, काय बोलले ते एवढ्या लांबून कसं कळणार, पण काकूंनी खात्रीने सांगितलं की त्याने मनापासून अभिनंदन केलं, आता ठीक आहे, घरी भांडण होणार नाही.

बक्षिसं. बेस्ट लिबेरो दे जेन्नारो. आणि स्पर्धेची मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, अलेसिया ओर्रो. लिफ्टर! ३३ पॉइंटवाली नाही, एगोनू नाही, लिफ्टर! मी काय केलं ते भाचीच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे, तो कोणाला दाखवणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. कॅप्टन शांतपणे म्हणाली, "वार्गास इटलीत असती तर तीन सेटमध्ये संपलं असतं." यावर माझ्याकडे उत्तर होतं पण डीजे फार मोठा होता.

बाहेर पडतोय तर लालबागच्या ग्रुपवर दोनशे मेसेज. राजा सकाळपासून गिरगाव चौपाटीवर, भरतीच्या पाण्यामुळे मूर्ती तराफ्यावर चढत नाहीये, विसर्जन अजून नाही. असं कधी झालं नव्हतं. काकू फुटपाथवर बसल्या आणि लाइव्ह लावलं. आम्ही तिघी त्यांच्या मागे उभ्या, चारी डोकी एका मोबाइलवर, बाजूने तुर्कीचे लोक झेंडे गुंडाळून चाललेले, एक इटालियन जोडपं आमच्या स्क्रीनमध्ये डोकावून गेलं, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. विसर्जन झालं तेव्हा मुंबईत नऊ वाजून गेले होते, आमच्याकडे साडेदहाच्या पुढे. काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "एक वर्ष मी नव्हते तर बघ काय गोंधळ घातला." ग्रहण आम्हाला दिसलं नाही, हॉटेलच्या खिडकीसमोर दुसऱ्या हॉटेलची भिंत आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर

ईदची सुट्टी मुंबईत शुक्रवारऐवजी आज केलेली, त्यामुळे मला एक रजा वाचली. सकाळी ग्रहण सुटलं म्हणून काकूंनी आंघोळ करून डबल नाश्ता केला. उरलेल्या बाथचे सुकवलेले आंबे घेतले, म्हणजे शॉपिंगला गेलो होतो हे पण खरं झालं.

विमानात भाची मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. कॅप्टनचं म्हणणं की मुलीची उडी चांगली आहे, स्मॅशच ठेवायचा. माझं म्हणणं की निदान पावसाळा संपून ग्राउंड वाळेपर्यंत भिंतीवर रोज लिफ्ट मार, हात तर सुधारेल. भाचीने दोघींना इअरफोन लावून उत्तर दिलं. नंतर बघितलं तर ती फायनलचा तिसरा सेट परत बघत होती, आणि नेटजवळ बॉल आला की मागे घेऊन परत, मागे घेऊन परत. कोणाकडे बघत होती ते मी विचारलं नाही.

वर्ल्ड चॅम्पियनशिप आता दर चार वर्षांऐवजी दोन वर्षांनी होणार आहे, म्हणजे पुढची २०२७ ला. उतरायच्या आत कॅप्टनने सीटच्या खिशातल्या पिशवीवर हिशोब मांडला, जुन्या टीममधल्या अजून कोण कोण येतील, दर महिन्याला किती काढायचे. भिशी सुरू करायचं ठरलं. पहिला हप्ता काकूंनी तिथल्या तिथे पर्समधून काढून दिला आणि वर विचारलं, "त्या वर्षी ती नवरा-बायको एकाच टीमला असतील का गं?"